प्रतिसाद: वरच्या मजल्यावर फ्लश केला की खाली नहाणी गुडगुडते

जुन्या तीन मजली इमारतीत, बीडाचे (ओतीव लोखंडाचे) पाइप असताना वर फ्लश झाला की नहाणी गुडगुडते आणि मग वास येतो, असं लक्षण असेल तर जाळी बदलून उपयोग नाही. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे न्हाणीघराच्या जमिनीतल्या जाळीखालच्या पाणी धरणाऱ्या भांड्यात, साधारण ५० मिमी पाणी उभं राहून गटाराचा वायू अडवतं. सगळ्या मजल्यांचं सांडपाणी खाली नेणाऱ्या उभ्या पाइपाला वरून हवा मिळाली नाही की खाली पडणारं पाणी ती ट्रॅपमधून ओढतं आणि हे पाणी सोबत जातं.

आधी खात्री करा. ट्रॅप काठोकाठ भरा, काडीने पाण्याची खोली मोजा, वर दोनदा फ्लश करायला सांगा, पुन्हा मोजा. पातळी लगेच उतरली तर दोष हवेचा. आठवडाभर वापर नसताना उतरली तर ते नुसतं बाष्पीभवन. रोज एक तांब्या पाणी पुरे.

मग गच्ची. वॉटरप्रूफिंग करताना किंवा पत्र्याची शेड टाकताना त्या उभ्या पाइपाचं गच्चीवरचं तोंड सर्रास बुजवतात, ही खरोखर घातक सवय आहे. सिमेंट, घरटं काढा, जाळीची टोपी बसवा. गच्ची वापरात असेल तर तोंड २ मीटर उंच न्या, खिडकीपासून लांब.

तोंड मोकळं असूनही त्रास असेल तर खालचा चेंबर उघडा. तुंबलेल्या चेंबरमुळे तळमजल्यावर हवा उलटी दाबली जाते. आडव्या पाइपाला मीटरमागे २५ मिमी उतार हवा.

अ‍ॅसिड मात्र ओतू नका, गंजलेलं बीड त्याने आणखी खातं.