बीओडी उतरला तरी जलपर्णी राहीलच
अनेकदा म्हटलं जातं की पुण्यातले जायका योजनेचे (जपानी संस्थेच्या कर्जातले) ११ सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प (एकूण रोज ३९.६ कोटी लिटर) सुरू झाले की मुळा-मुठेतली जलपर्णी आपोआप जाईल. दुर्गंधी कमी होईल, हे मान्य. जलपर्णीचं मात्र अवघड आहे. तिला खाद्य पुरवतात नायट्रोजन आणि फॉस्फरस, आणि बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाते त्याचं माप) उतरला म्हणजे तेही उतरले असं होत नाही. जिवाणू सेंद्रिय घाण खाऊन टाकतात, पण अमोनियाचं नुसतं नायट्रेट झालं तर खत पाण्यातच राहतं. ते काढायचं तर हवा न देता ढवळत ठेवायची वेगळी टाकी किंवा तेवढा टप्पा लागतो, आणि फॉस्फरससाठी बहुतेकदा तुरटीसारखं रसायन. म्हणजे जागा, वीज आणि वर गाळही जास्त. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यासाठीच्या केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेत या दोन्हींना मर्यादाच नव्हती. २०१९ मध्ये हरित लवादाने एकूण नायट्रोजन १० आणि फॉस्फरस १ मिलिग्रॅम प्रतिलिटर असे आकडे घातले. त्यामुळे नव्या प्रकल्पाच्या निविदेत आधी हे दोन रकाने शोधा, बाकी चकचकीत सादरीकरण नंतर.

मुंढव्याच्या बंधाऱ्याशी उन्हाळ्याच्या तोंडाला उभं राहिलं की हिरवळच दिसते, पाणी नाही! मग जेसीबी येतो, काठावर ढीग लागतात, आणि ते वेळेत उचलले नाहीत तर कुजून पुन्हा नदीतच. गंमत म्हणजे तिथूनच पाणी उचलून शेतीसाठी बेबी कालव्यात सोडतात, आणि शेतात हाच नायट्रोजन कामाचा. प्रक्रिया केलेलं जास्तीत जास्त पाणी तिकडे वळवलं तर नदीवरचा भार तेवढा तरी हलका होईल.