चार वर्षांनी विकायची असेल तर कोणती स्पोर्ट्स कार भाव धरून ठेवते?

पहिला_गिअर

नमस्कार मंडळी. बारा वर्षं पैसे साठवून पहिली स्पोर्ट्स कार घेतोय. वापरलेलीच घेणार, दोन ते पाच वर्षं जुनी. चार वर्षं ठेवायची, वर्षाला सहा-सात हजार किलोमीटर चालवायची आणि मग विकायची, असा बेत आहे. यादीत तीन आहेत: पोर्शे ७१८ केमन जीटीएस ४.०, जॅग्वार एफ-टाइप आर आणि बीएमडब्ल्यू एम२. खरं सांगतो, एफ-टाइपचा आवाज ऐकल्यापासून दुसरं काही सुचत नाही. शिवाय तेवढ्याच पैशांत ती केमनपेक्षा कमी वापरलेली मिळतेय. पण विकताना निम्म्यावर आलो तर पुन्हा उभं राहायला फार वेळ लागेल. ज्यांनी स्वतः घेतल्या-विकल्या आहेत त्यांनी कृपया सांगावं.

सहा_सिलिंडर

एकोणीस वर्षांत पाच घेतल्या, चार विकल्या. त्यातल्या दोनच सांगतो.

पहिली एक आलिशान दोन दारी जीटी, म्हणजे लांब प्रवासाची आरामशीर वेगवान गाडी, नाव घेत नाही. नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळाली. मला वाटलं, पडायचं तेवढं पडून झालं, आता कुठे जाणार? अडीच वर्षांत ती आणखी निम्मी झाली. कारण गाडीचा भाव उतरला तरी सुट्या भागांचा उतरत नाही. ब्रेकच्या चार डिस्क आणि पॅड नव्या गाडीच्याच दराने घ्यावे लागले. पुढचा गिऱ्हाईक हेच गणित मांडतो आणि तेवढे पैसे तुमच्या किमतीतून कापतो.

दुसरी होंडा एस२०००. सव्वाचार वर्षं ठेवली, एकतीस हजार किलोमीटर मनसोक्त चालवली आणि घेतलेल्या किमतीच्या ९४ टक्के हातात आले. १९९९ ते २००९ एवढीच वर्षं ती बनली. टर्बो नसलेलं दोन लिटरचं इंजिन ९००० आरपीएमच्या आसपास जाऊन किंचाळतं, आणि होंडाने त्या जागी पुन्हा दुसरी गाडी आणलीच नाही. ज्याला तो अनुभव हवाय त्याला जुनीच घ्यावी लागते.

माझं मत यावरूनच बनलं. नव्या मॉडेलने जिची जागा घेता येते ती पडते, जिची घेता येत नाही ती टिकते. ताकद आणि वेग यांची जागा नेहमी घेता येते. मॅकलारेनची १२सी २०११ मध्ये आली आणि २०१४ मध्ये तिच्या जागी जास्त ताकदीची ६५०एस उभी राहिली. ज्यांनी १२सी आकडे बघून घेतली होती त्यांच्या हातातले आकडेच जुने झाले. उलट फेरारी एफ४३० बघा. इंजिन तेच, बॉडी तीच, पण उघड्या धातूच्या जाळीतून खटखट फिरणारा मॅन्युअल गिअर असेल तर ती स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलणाऱ्या एफ४३० पेक्षा कितीतरी महाग जाते. चालवायला पॅडलवाली जास्त वेगवान, तरीही.

मात्र दुर्मीळपणा कंपनीच्या हातात असतो हे विसरू नका. २०१६ मध्ये पोर्शेने ९११ आर काढली, फक्त ९९१ गाड्या. पाचशे हॉर्सपॉवरचं चार लिटर इंजिन आणि मॅन्युअल गिअर. ९११ चीच ट्रॅकसाठीची आवृत्ती जीटी३ तेव्हा फक्त ऑटोमॅटिक होती, म्हणून लोकांनी आरसाठी छापील किमतीच्या कित्येक पट मोजले. २०१७ मध्ये नव्या जीटी३ मध्ये चार लिटर इंजिन आलं, तेवढीच ताकद आणि मॅन्युअलसुद्धा. आरचा भाव खाली आला. आजही ती महागच आहे, पण शिखरावर घेणारे पोळले.

नुसत्या ९११ या नावावरही जाऊ नका. ९११ च्या ९९६ या जुन्या पिढीतल्या करेराला, म्हणजे साध्या ९११ ला, आयएमएस बेअरिंगची (इंजिनाच्या आतलं, तुटलं तर इंजिनच जातं) भीती आणि पोर्शेच्याच स्वस्त बॉक्सटरसारखे हेडलाइट, दोन्ही इतकी वर्षं चिकटून आहेत. त्याच पिढीच्या जीटी३ आणि टर्बोमध्ये पोर्शेचे इंजिनिअर मेट्झगर यांचं वेगळं इंजिन आहे, तिथे तो बेअरिंगचा प्रश्नच नाही, आणि भाव बघितला तर ही एकाच पिढीतली भावंडं वाटणार नाहीत.

आता तुमची यादी. जीटीएस ४.० घ्या, जमलं तर मॅन्युअल. टर्बो नाही, सहा सिलिंडर आहेत, आणि युरोपात सायबर सुरक्षेच्या नियमांमुळे तिची विक्री २०२४ मध्येच थांबली. विजेवर जाणाऱ्या पुढच्या ७१८ च्या वरच्या मॉडेलांत पेट्रोल इंजिनही ठेवणार, असं पोर्शेने २०२५ मध्ये सांगितलंय, त्यामुळे ९११ आरसारखं थोडं होऊ शकतं. पण तुम्ही शिखरावर घेत नाही आहात. एम२ चांगलीच आहे, फक्त ती अजून बनतेय. शोरूममधून निघणारी प्रत्येक नवी एम२ तुमच्या एम२ ला एक पायरी खाली ढकलते.

एफ-टाइपचा आवाज मलाही आवडतो. पण ती कमी वापरलेली स्वस्तात मिळतेय ती आधीच्या मालकाच्या खिशातून. तुमच्यानंतरच्याला ती तुमच्या खिशातून मिळेल.

छप्पर_उघडं

बरीचशी सहमती. एक भर घालतो. टक्क्यांत मोजू नका, वर्षाला किती पैसे गेले ते मोजा, आणि त्यात टायर, विमा, सर्व्हिस सगळं धरा. माझी माझदा एमएक्स-५ टक्क्यांत बघितली तर केमनपेक्षा जास्त पडली. पण मुळात किंमतच इतकी कमी की प्रत्यक्ष गेलेले पैसे किरकोळ. दहा लाखांहून जास्त बनल्यात, दुर्मीळ अजिबात नाही, तरी गिऱ्हाईक कायम असतं. फक्त खालून गंज बघून घ्यावा.

पहिला_गिअर

दोघांचे मनापासून आभार. @सहा_सिलिंडर, दोन जीटीएस समोर आल्यात. एक १४ हजार किलोमीटरची, पण दोन वर्षांचे सर्व्हिसचे कागद नाहीत. दुसरी ४८ हजारांची, सगळे कागद आहेत. किंमत जवळपास सारखीच. कमी चाललेलीचा भाव पुढे चांगला राहणार ना?

सहा_सिलिंडर

४८ हजारांची.

माझी एस२००० घ्यायला आलेला माणूस चहालाही न थांबता आधी फाइल घेऊन गॅरेजच्या फरशीवर मांडी घालून बसला. पाऊण तास. ऑइलच्या प्रत्येक पावतीवरचे किलोमीटर त्याने आपल्या वहीत ओळीने लिहून काढले, मधे कुठे आकडा मागे गेलाय का ते बघायला. मग रंगाची जाडी मोजायचं मीटर काढलं. बॉनेट ११० मायक्रॉन, दार ११५, मागचं डावं फेंडर २९०, म्हणजे तिथे पुन्हा रंग दिलेला. त्याने मान वर केली. मी फाइलमधून पार्किंगमधल्या ओरखड्याचे फोटो आणि रंगकामाची पावती काढून दिली. त्याने ती दोनदा वाचली, परत जागेवर लावली आणि घासाघीस केलीच नाही. ती पावती नसती तर तो त्या २९० मध्ये मोठा अपघात बघून निघून गेला असता, आणि त्याचं चुकलं नसतं.

१४ हजारवाली दोन वर्षं कुठे होती हे तुम्हाला माहीत नाही आणि चार वर्षांनी तुमच्या गिऱ्हाइकालाही सांगता येणार नाही. उभ्या गाडीत ऑइल जुनं होतं, सील सुकतात, बॅटरी बसते. आणि तुमचे अठ्ठावीस हजार चालून झाल्यावर तिचं कमी किलोमीटरचं कौतुक तसंही संपणार. मग उरेल फक्त कागदांची ती फट.

जाल तेव्हा टायरवरचे चार आकडे वाचा. ३१२१ म्हणजे २०२१ चा एकतिसावा आठवडा. चारही टायर एकाच कंपनीचे आणि साधारण एकाच तारखेचे असतील तर मालकाने हात आखडता घेतलेला नाही. एखादी नको ती मॉडिफिकेशन दिसली तर मूळ भाग जपून ठेवलेत का विचारा, ते मिळाले तरच घ्या.

पहिला_गिअर

शनिवारी सकाळी आठला ठरवलंय, ४८ हजारवाली. मॅन्युअल आहे. एफ-टाइपच्या मालकाला आजच नाही कळवलं, थोडं जड गेलं.

सहा_सिलिंडर

जाईल. ४.० चा आवाजही साडेसात हजार आरपीएमला ऐकून बघा. मालकाला आदल्या रात्रीच सांगून ठेवा की गाडी आधी सुरू करून गरम करू नका. केमनचं इंजिन सीटच्या मागे असतं, त्यामुळे पोचल्यावर बॉनेटवर नाही, मागे सायलेन्सरच्या नळीजवळ जपून हात नेऊन बघा. कोमट लागलं तर का ते विचारा, दुसरा दिवस मागून घ्या आणि थंड इंजिन स्वतः सुरू करा.