'सादिल'ला 'किरकोळ' म्हणावं का?

पाटण तालुक्यातून:
आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या जमाखर्चात 'सादिल' असा रकाना आहे. खडू, हजेरीपट, झाडू, विजेचं बिल, सगळं त्यातच. नवे गुरुजी म्हणतात, 'किरकोळ' लिहा, सगळ्यांना कळेल. चालेल का? शब्द मुळात कुठला?

मिरजेहून:
बाई, शब्द जपा. मूळ अरबी 'सादिर' आणि 'वारिद', म्हणजे निघणारे आणि येणारे. फारसीच्या वाटेनं तो दफ्तरात आला. गावात येणाऱ्या-जाणाऱ्यांपायी आणि असाच वेळोवेळी उपटणारा खर्च तो 'सादिलवार'. पुढं कचेरीचा कागद, शाईही त्यातच मांडली जाऊ लागली. शेपूट गळलं, 'सादिल' उरला.

'किरकोळ' मात्र लिहू नका. किरकोळ म्हणजे राहिलं तरी चालेल असं. सादिल राहून चालत नाही, फक्त आकडा आधी ठाऊक नसतो. विधानसभेत शालेय शिक्षणाच्या मागण्या मंजूर होतात तेव्हा सगळ्यात मोठा वाटा पगाराला जातो, आणि तो जायलाच हवा. पण खासगी अनुदानित शाळांत उरलेल्याला नाव काय, तर 'वेतनेतर'. जे नाही त्यावरून ओळख! त्यापेक्षा सादिल कितीतरी सकस शब्द आहे.

कोरेगावहून:
'समग्र शिक्षा' या केंद्राच्या योजनेतलं 'संयुक्त शाळा अनुदान' यात मिसळू नये. ते पटावर ठरतं: 30 पर्यंत मुलं असतील तर वर्षाला 10,000 रुपये, 100 पर्यंत 25,000. डोंगरातल्या 18 मुलांच्या शाळेचं छप्पर काही कमी गळत नाही, तरी पैसे पटाप्रमाणेच.

आपल्या साताऱ्यात 'मुष्टिफंड' हाही शब्द होता. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहासाठी बायाबापड्या दळताना मूठभर धान्य बाजूला काढायच्या. तोही एक प्रकारचा सादिलच ना?

मिरजेहून:
नाही, दादा. मुष्टिफंड ही लोकांनी आपखुशीनं दिलेली मूठ. सादिल हा सरकारी हिशेबातला हक्काचा रकाना. दोन्ही एक केले की रकाना रिकामा ठेवायला सबब मिळते. हल्ली 'लोकसहभाग' शब्दाचं तेच झालंय. भिंत रंगवायला गावानं पैसे दिले तर तो लोकसहभाग. पण वीज तोडायला माणूस आला म्हणून बाईंनी पर्समधून बिल भरलं, तर त्याला लोकसहभाग म्हणू नये. ती शाळेची उसनवारी झाली.

पाटण तालुक्यातून:
पटलं. रकाना 'सादिल'च ठेवते. जूनचं बिल मी भरलं होतं, ते 'लोकसहभाग'मध्ये टाकलं होतं. आज खोडून सादिलखाली 'देणे' म्हणून लिहिलं.