एका दिवसाच्या ट्रेनिंगमध्ये मराठी, भूगोल, फिजिक्स, कॉमर्स सगळ्यांना काय शिकवू?

हिशेबनीस_पुणे
कर्वे रोडच्या बाजूला एका कॉलेजात अकाउंट्स शिकवते. उन्हाळ्यात वर्गावर्गात इंटरॅक्टिव्ह पॅनल (बोटाने चालणारे मोठे कॉम्प्युटर-पडदे) लागले. आता सगळ्या विभागांसाठी एक दिवसाचं ट्रेनिंग घ्यायचं फर्मान आलंय, तेही मी. कारण? रिझल्टचे तक्ते एक्सेलमध्ये मी करते. म्हणजे 'कॉम्प्युटरवाली' ठरले.

माझ्यापुरतं मला माहीत आहे पडदा कुठे लागतो ते. घसारा (वापराने यंत्राची दरवर्षी घटणारी किंमत, जी नफ्यातून वजा होते) शिकवताना 1,00,000 रुपयांचं यंत्र घ्यायचं, दर 10 टक्के. सरळ रेषेच्या पद्धतीत दरवर्षी 10,000. घटत्या शिल्लक पद्धतीत 10,000, मग 9,000, मग 8,100. फळ्यावर हे गणित होतं, पण शीटमध्ये दर 10 चा 25 केला की दोन्ही आलेख मुलांसमोर हलतात आणि मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "मॅडम, मग नफा नक्की कुठला खरा?" या प्रश्नासाठीच सगळा खटाटोप. जर्नल एंट्री (व्यवहाराची पहिली नोंद) मात्र मी अजूनही वहीतच करून घेते. परीक्षेत पेनच चालवायचंय.

पण हे कॉमर्सचं झालं. आमचे मराठीचे सर विचारतात, "अभंग पडद्यावर टाकला की जास्त कळतो का?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. पीपीटी कशी करावी हे दिवसभर सांगायची माझी इच्छा नाही (ती सगळ्यांना येते, हाच तर त्रास आहे). तुमच्या विषयात खरोखर काय उपयोगी पडतं, ते सांगा.

ओहमचा_नियम
मॅडम, फिजिक्ससाठी फेटची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करायचे आभासी प्रयोग. कोलोरॅडो विद्यापीठाची, फुकट, मोबाइलच्या ब्राउझरवर चालतात, बरीचशी मराठीतही आहेत. 2001 चं फिजिक्सचं नोबेल मिळालेल्यांपैकी कार्ल वायमन यांनी 2002 मध्ये हा प्रकल्प सुरू केला.

पण नुसतं दाखवू नका. मी विचारतो: बॅटरीला दोन सारखे बल्ब एकसरीत (एकापुढे एक) जोडलेत, त्यातल्या एकाच्या दोन टोकांना तार लावली, तर दुसऱ्याचं काय होईल? आधी वहीत उत्तर लिहायचं, मग रंगीत कार्ड वर करायचं, मग शेजाऱ्याशी भांडायचं, मग पुन्हा कार्ड. हार्वर्डचे एरिक माझूर हे 1990 च्या दशकापासून करताहेत. त्यानंतरच स्विच. दुसरा बल्ब जास्त प्रखर पेटतो आणि अर्धा वर्ग "असं कसं?" म्हणतो. कार्डं आप्पा बळवंत चौकातून आणलेल्या घोटीव कागदाची आहेत, त्याला ॲप लागत नाही.

प्रॅक्टिकल मात्र सोडायचं नाही. सिम्युलेशनमध्ये तार कधी सैल होत नाही; प्रयोगशाळेत तेच शोधण्यात तास जातो, आणि तोही शिकण्याचाच भाग आहे.

नकाशेवाला
भूगोलाला पॅनल सर्वात जास्त लागू पडतो, हे मी पक्षपाताने सांगतोय. गूगल अर्थचं टाइमलॅप्स, म्हणजे वर्षावर्षाची उपग्रहचित्रं सलग दाखवणारी फिल्म, 1984 पासूनचं आहे. हिंजवडी आणि बाणेर लावा, शेतांच्या जागी इमारती उगवताना दिसतात. मुलं स्वतःची सोसायटी शोधतात.

खरं काम पुढे क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये. फुकट आहे, आमच्या लॅबच्या म्हाताऱ्या मशीनवरही रडतखडत चालतं. एसवायच्या मुलांना मी 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर दिला. नारायण पेठ, शनिवार पेठेत ज्यांची घरं आहेत त्यांनी आजी-आजोबांना विचारायचं, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं? मोबाइलवर त्या जागेचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, नकाशावर टाकायचे, जमिनीची उंची दाखवणाऱ्या थराशी ताडून बघायचे. दोन आज्यांची उत्तरं जुळत नाहीत तिथे सगळ्यात चांगली चर्चा होते.

बोलीभाषक
मी मराठीच शिकवतो, तेव्हा तुमच्या सरांची बाजू घेतो: अभंगाला पडदा नको. तो म्हणावा, म्हणून घ्यावा.

पण बोलींच्या पेपरला कान लागतो आणि तो पुस्तकात नसतो. डेक्कन कॉलेजचं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण ऑनलाइन आहे, तिथे ध्वनिमुद्रणं ऐकायला मिळतात. ती ऐकवल्यावर वर्गातल्या खानदेशच्या, लातूरच्या मुलांना घरी फोन लावून आजीशी दोन मिनिटं बोलायला सांगतो. तिला विचारून रेकॉर्ड करायचं, मग ते जसं ऐकू आलं तसं लिहायचं. एरवी पुण्यात आल्यावर बोलणं 'सुधारणारी' ही मुलं त्या तासाला वर्गाची शिक्षक असतात. मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोशही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर शोधता येतो. सरांना तेवढं दाखवा, हळूच.

हिशेबनीस_पुणे
छान! म्हणजे पॅनलची बटणं सकाळी अर्ध्या तासात आटपते. नंतर विभागवार बसवते आणि प्रत्येकाला एकच सांगते: मुलं दरवर्षी जिथे अडखळतात असा एक टॉपिक घेऊन या. साधन त्यानंतर शोधू. अभंगासाठी काही सापडलं नाही तर तसंच अहवालात लिहीन, कमिटीला काय वाटायचं ते वाटो.

एक शंका, ओहमसर. आमच्या हॉलमधलं वायफाय पाहुणे आले की हमखास जातं. फेट नेटशिवाय चालेल का?

ओहमचा_नियम
चालेल. साइटवरून त्या सिम्युलेशनची एचटीएमएल फाइल घरीच उतरवून पेनड्राइव्हवर न्या, ब्राउझरमध्ये उघडते. फक्त आदल्या दिवशी त्याच पॅनलवर एकदा उघडून बघा.