बोअरचं पाणी पिवळं, माती-पाणी नक्की कोण तपासतं?

सातपूरकर: मदत हवी आहे, जरा घाईत. बोअरला पिवळं पाणी येतंय. खासगी लॅबचा रिपोर्ट 'मर्यादेपेक्षा जास्त' म्हणतो. एका कार्यालयात सांगितलं पाणी आमच्याकडे नाही, दुसऱ्यात माती आमच्याकडे नाही. अर्ज कुठे द्यायचा तेवढंच सांगा.

रानवारा: जास्त काय? लोहानेही पाणी पिवळं दिसतं.

बाळू_ओझर: आरओ बसवा, विषय संपला.

सातपूरकर: आरओच्या पाण्यावर द्राक्षबाग जगवू का?

रानवारा: बाग आहे हे आत्ता कळतंय! शेजारी काय आहे? बोअर किती खोल?

सातपूरकर: अंबड एमआयडीसीकडून येणाऱ्या नाल्यालगत, बाजूला प्लेटिंगचं, म्हणजे धातूवर मुलामा चढवायचं, बंद शेड. क्रोमियम ०.४ आलंय. खोली बोअरवाल्याला ठाऊक.

गोदाकाठ: पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे आठपट. आधी ते पिणं बंद करा. अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. १९७४च्या जल कायद्याचं कलम २१ त्यांना विहिरीच्या पाण्याचा नमुना घ्यायचा अधिकार देतं. खासगी रिपोर्ट सोबत जोडा, पण नमुना त्यांनाच घ्यायला लावा. मातीसाठी जुलै २०२५ची दूषित जागांची नियमावली आहे. संशयित जागांची यादी स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासन देतं, मग मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. म्हणून एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, आणि पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असं धरा.

कातळ: मंडळ नंतर. आधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांना गाठा. आपल्याकडे बेसाल्टचा काळा खडक, पाणी त्याच्या भेगांतून वाहतं. शेजारच्या शेडचंच आहे हे कशावरून?

गोदाकाठ: ते शोधणं तपासणीचंच काम आहे. शेतकऱ्याने भेगा मोजत बसायच्या का?

कातळ: बसू नका, पण आजूबाजूच्या चार विहिरींचंही पाणी तपासायला सांगा. एकाच बोअरवरून दिशा कळत नाही.

बाळू_ओझर: नवा बोअर खोल मारा, खालचं पाणी गोड लागतं.

कातळ: केसिंग, म्हणजे बोअरमधला आडोशाचा पाइप, नीट नसेल तर वरचं क्रोमियम आपणच खाली पोचवाल.

त्र्यंबक_रोड: गोदावरीच्या फेसाचं कोणी बोलतच नाही. कुंभमेळा आला की रंगरंगोटी सुरू.

रानवारा: त्यासाठी वेगळा धागा काढा हो.

सातपूरकर: शेड कुणाच्या नावावर आहे ते माहीत नाही. तरी अर्ज घेतील का?

गोदाकाठ: घेतील. मालक शोधणं त्यांचं काम. तुम्ही गट नंबर आणि नाल्याचे फोटो द्या.