जर्मनीत मुलांना घेऊन पहिल्यांदाच हालेनबादला जायचंय, मला स्वतःला पोहता येत नाही

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही फेब्रुवारीत स्टुटगार्टजवळ राहायला आलोय, मुलगा सात वर्षांचा आणि मुलगी तीनची. मुलाच्या वर्गातल्या बऱ्याच पोरांच्या पोहायच्या चड्डीवर तो समुद्रघोड्याचा बिल्ला शिवलेला असतो आणि आमचा रोज घरी येऊन विचारतो मला कधी मिळणार. गावातच नगरपालिकेचा इनडोअर पूल, म्हणजे हालेनबाद, आहे, घरापासून दहा मिनिटं चालत, पण अजून माझं पाऊल उचलत नाहीये. मी कराडकडची, घरची विहीर होती, भाऊ आणि चुलतभाऊ उन्हाळ्यात पाठीला डबा बांधून पोहायला शिकले, आम्ही मुली काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचो, त्यामुळे मला अजिबात पोहता येत नाही आणि पाण्यात उतरायची भीती पण वाटते. नवऱ्याला येतं थोडंफार.

आता प्रश्न. कपडे काय घालायचे, मी लेगिंग आणि टीशर्ट घालून उतरले तर चालेल का? इथल्या बायका आधी सगळे कपडे काढून सगळ्यांसमोर आंघोळ करतात असं ऐकलंय, ते कंपल्सरी असतं का? सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्यात, त्यांना नुसतं बघायला बसता येतं का? आणि मुलीला दंडाला बांधायचे फुगे घेतलेत, ते पुरेसे आहेत ना? जरा सविस्तर सांगा, तिथे जाऊन गोंधळ व्हायला नको.

नेकारकाठ
ताई, आधी कपड्यांचं सांगते. कॉटनचं काहीच चालत नाही, ते पाणी धरून ठेवतं आणि जड होतं, बाडेमायस्टर, म्हणजे पुलावर देखरेख करणारा माणूस, लगेच बाहेर काढतो. स्विमिंगच्याच कापडाचा गुडघ्यापर्यंतचा किंवा पूर्ण पायाचा सूट मिळतो, तो बऱ्याच पुलांना चालतो, तरी तुमच्या पुलाची नियमावली दाराशी लावलेली असते किंवा वेबसाइटवर असते ती एकदा बघा. नवऱ्याला सांगा की पोहायच्या चड्डीच्या आत दुसरी अंडरवेअर घालायची नाही, आपल्याकडची मंडळी हमखास तिथेच अडकतात. मुलीला अजून डायपर लागत असेल तर पोहायचा वेगळा डायपर येतो तो घ्या. टोपी बहुतेक ठिकाणी सक्तीची नाही.

आत गेल्यावर आधी बूट काढायची जागा येते, तिथून पुढे अनवाणी किंवा स्लिपर. कपडे बदलायच्या खोल्यांना दोन दारं असतात, एका दारानं आत जायचं आणि कपडे बदलून दुसऱ्या दारानं पुलाच्या बाजूला बाहेर पडायचं. फॅमिलीसाठी मोठी खोली असते, तिचं नाव फामिलीयन उमक्लाइडे, ती शोधा म्हणजे चौघंही एकत्र मावता. लॉकरला एक किंवा दोन युरोचं नाणं लागतं, दोन्ही खिशात ठेवा, माझी पहिल्या दिवशी सगळं बदलून झाल्यावर नाण्यासाठी वरपर्यंत धावपळ झाली होती. नाणं परत मिळतं. किल्लीचा पट्टा मनगटात अडकवायचा.

शॉवर बायकांचा आणि पुरुषांचा वेगळा असतो पण आत आडोसा नसतो. पाटी असते की कपडे काढून साबणानं धुवा. मला पहिली दोन वर्षं जमलं नाही, मी सूट घालूनच साबण लावायची, कोणी कधी बोललं नाही. काही पुलांना कोपऱ्यात एकदोन पडदेवाल्या जागा असतात. पण साबणानं अंग धुणं टाळू नका, कारण पुलाला जो उग्र वास येतो आणि डोळे चुरचुरतात ते नुसत्या क्लोरीनमुळे नसतं, आपल्या अंगावरचा घाम आणि पोरांची सू पाण्यात मिसळून क्लोरीनशी त्याची जी रिअॅक्शन होते त्याचा तो वास असतो. बायका इतक्या कटाक्षानं का धुतात ते मला हे कळल्यावर पटलं.

सासूबाईंचं प्रत्येक पुलाचं वेगळं असतं. कुठे काचेमागे कॅफेटेरिया असतो, तिथे बसून सगळं दिसतं. पुलाच्या काठावर बसायचं असेल तर तिकीट काढावं लागतं आणि साडी वगैरे चालत नाही बहुतेक ठिकाणी. काउंटरला विचारा.

दोनमुलांचीआई
फुग्यांबद्दल मला बोलायचंय. ते फुगे म्हणजे सुरक्षा नाही, प्लीज असं समजू नका. माझी मुलगी चार वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. लहान मुलांचा पूल, पाणी तिच्या छातीपर्यंत, मी अगदी काठावर, दोन हातांवर, टॉवेलची घडी करत होते. ती पायरीवरून घसरली आणि पाण्याखाली गेली. एक आवाज नाही, हात वर केले नाहीत, ओरडणं नाही. मला फक्त तिच्या डोक्यावरचा पिवळा रबरबँड दिसला पाण्यात, केस वर तरंगत होते आणि ती खाली. मी तिला उचलली तेव्हा तिनं आधी श्वास घेतला आणि मग रडली. सगळं मिळून चारपाच सेकंद झाली असतील. दंडाला फुगे होते, एक निसटून बाजूला तरंगत होता.

आपल्याला वाटतं बुडणारं माणूस हातपाय मारतं, ओरडतं. लहान मुलं तसं करत नाहीत, तोंड पाण्याखाली गेलं की ओरडायला श्वासच उरत नाही. म्हणून तीन वर्षांची पोर पाण्यात असेल तर तुम्ही किंवा नवरा, एकजण कायम तिच्यापासून हाताच्या अंतरावर, पाण्यात. काठावर नाही, पाण्यात. फोन लॉकरमध्ये. आणि दोघांनी ठरवून घ्या कोण कोणाला बघतंय, "मला वाटलं तू बघतोयस" हे व्हायला नको. बाडेमायस्टर सगळ्या पुलाकडे बघत असतो, तुमच्या एकटीच्या पोरीकडे नाही.

तुम्हाला पोहता येत नाही म्हणून तुम्ही बाहेर बसायचं ठरवू नका. निश्टश्विमर म्हणजे न पोहणाऱ्यांचा जो पूल असतो तिथे पाणी जास्तीत जास्त १.३५ मीटर असतं, तुम्ही पाय टेकवून उभ्या राहू शकता.

फ्रांकफुर्टकर_काका
वरच्या दोघींनी सांगितलंय त्यात थोडी भर. त्या बिल्ल्याचं नाव झेपफेर्डशेन. काठावरून पाण्यात उडी मारायची, मग न थांबता २५ मीटर पोहायचं, आणि खांद्याइतक्या खोल पाण्यातून तळाची वस्तू हातानं वर काढायची, शिवाय पोहण्याचे नियम तोंडी विचारतात. मुलगा खूश होईल पण तुम्ही तेवढ्यावर थांबू नका. इथली जीवरक्षक संघटना डीएलआरजी स्वतः सांगते की पुढचा ब्रॉन्झ बिल्ला मिळाला की मगच मूल नीट पोहणारं समजायचं, त्यात १५ मिनिटं आणि किमान २०० मीटर पोहावं लागतं, शिवाय दोन मीटर खोलातून वस्तू काढायची. ही संघटना १९१३ सालची. त्याच्या आदल्या वर्षी बिन्झ नावाच्या गावात समुद्रातला धक्का मोडून माणसं बुडाली, किनाऱ्याजवळ असूनही पोहता न आल्यामुळे, आणि त्यातून ही निघाली.

कोर्सचं नाव लगेच घाला, वेटिंग असतं, आमच्या नातवाला आठ महिने थांबावं लागलं. इथे आधी ब्रेस्टस्ट्रोक शिकवतात, म्हणजे बेडकासारखं, आपल्याकडे विहिरीत शिकलेल्याला ते आधी विचित्र वाटतं. बऱ्याच राज्यांत शाळेतूनही पोहायला नेतात पण त्या भरवशावर राहू नका.

आणखी एक, मोठ्या पुलाचं पाणी साधारण २८ डिग्री असतं, बारक्या पोरांना ते गार पडतं. आठवड्यातून एखादा दिवस पाणी जास्त गरम ठेवतात, त्याला वार्मबाडेटाग म्हणतात, तो दिवस पकडा. ओठ निळे पडले की लगेच बाहेर काढून टॉवेलात गुंडाळायचं, अजून पाच मिनिटं म्हणून ऐकायचं नाही.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे खूप खूप आभार. रविवारी सकाळी नऊला जाऊन आलो, गर्दी अजिबात नव्हती. दोन युरोचं नाणं लागलं बरं का ताई. शॉवरमध्ये मी सूट घालूनच साबण लावला, शेजारच्या एक आजी होत्या सत्तरीच्या, त्यांनी हसून माझ्या मुलीच्या डोक्यावर पाणी घातलं आणि तिची भीतीच गेली. सासूबाई काचेमागे बसल्या होत्या, कॉफी घेऊन, प्रत्येक वेळी नातू पाण्याखाली गेला की उठून उभ्या राहायच्या.

मुलगी पूर्णवेळ माझ्या हातात होती, फुगे पिशवीतच ठेवले. नवऱ्यानं मुलाला धरलं. आणि शेवटी त्यानं दोघांना घेतलं आणि मी काठ धरून छातीइतक्या पाण्यात उभी राहिले, तोंड पाण्यात घालून पाच आकडे मोजले. मुलगा शेजारी उभा राहून मोठ्यानं मोजत होता. बाहेर आल्यावर भिंतीवरच्या ड्रायरखाली सगळ्यांनी केस वाळवले आणि खाली पोम्मेस, म्हणजे फ्रेंच फ्राइज, खाल्ले, पोरांना इतकी भूक लागली होती की दोन प्लेट संपल्या.

मुलाचं नाव वेटिंगला घातलंय. काउंटरच्या बाईनं सांगितलं की मोठ्यांसाठी पण शिकायची बॅच असते, मंगळवारी संध्याकाळी, तर माझं पण घातलं. गॉगल आधी घेऊन ठेवू का तिथे देतात?

नेकारकाठ
स्वतःचाच घ्या ताई, साधा दहाबारा युरोवाला पुरतो. दुकानात पट्टा न लावता नुसता डोळ्यावर दाबून बघा, क्षणभर चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा.