दारू सोडण्यासाठीच्या सभेला प्रथमच जायचे आहे, परंतु ओळखीचे कोणी भेटले तर?

डिचोलीकर

माझे वय ४४ वर्षे आहे आणि गेली पंधराएक वर्षे मी रोज संध्याकाळी पितो. उन्हाळ्यात हुर्राक, एरवी फेणी किंवा मिळेल ते. गेल्या चतुर्थीला आरतीच्या वेळी मला गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली धड उभे राहता आले नाही आणि धाकट्या मुलीने ते पाहिले. त्यानंतर तीनदा सोडली, तिन्ही वेळा आठवडाही निभावला नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या सभेला जावे असे मनात आहे. पण मी शाळेत नोकरी करतो आणि आमच्या भागात कोण कुठल्या दारातून बाहेर पडले हे रात्रीच्या जेवणाआधी सगळ्यांना कळलेले असते. शिवाय या सभा बहुधा चर्चच्या सभागृहात भरतात असे ऐकले आहे. तिथे हिंदू माणसाने गेले तर चालते का, आणि इंग्रजी बोलावे लागते का? सभा नेमकी कुठे व केव्हा असते, हे कोणाला विचारावे?

फोंड्याचा एक सदस्य

मी सात वर्षांपूर्वी प्रथम गेलो, तेव्हा माझ्याही मनात हेच प्रश्न होते. चर्च किंवा शाळा केवळ जागा देते. संघटना कोणत्याही धर्माची नाही. दारू सोडण्यासाठी संघटनेने सांगितलेल्या बारा पायऱ्यांमध्ये परमेश्वराचा उल्लेख येतो हे खरे, मात्र तो ‘आम्हाला उमजला तसा’ असे तिथेच म्हटलेले आहे. आमच्या गटात एक जण कुलदैवताचे नाव घेतो, तर दुसरा देवच मानत नाही आणि गटालाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती समजतो. दोघेही दारूपासून दूर आहेत.

या चळवळीची सुरुवात १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक यांच्या भेटीतून झाली. दारू न पिता राहायचे असेल तर दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलत राहावे लागते, हे त्या दोघांना उमगले आणि आजही सभेत मुख्यतः तेच चालते. सदस्यत्वासाठी पिणे थांबवण्याची इच्छा एवढीच अट आहे. शुल्क नाही, शेवटी थैली फिरते, तीत ज्याला जमेल त्याने टाकावे, नवख्याने काहीच टाकले नाही तरी कोणी पाहत नाही. आडनाव विचारत नाहीत. बोलायचे नसेल तर नाव सांगून ‘आज फक्त ऐकतो’ म्हणावे.

पत्ता शोधण्यासाठी संघटनेच्या भारतीय संकेतस्थळावरील यादी पाहा, पण निघण्यापूर्वी दूरध्वनी अवश्य करा, कारण जागा आणि वेळा बदलतात. सभा खुली आहे की बंद, आणि भाषा कोणती, हेही तेव्हाच विचारा. बंद सभेत केवळ पिण्याचा त्रास असलेलेच बसतात, म्हणून तुम्हाला तीच अधिक सोयीची वाटेल. आपल्या तालुक्यात संकोच वाटत असेल तर पहिले काही महिने दुसऱ्या तालुक्यात जावे. मी तसेच केले होते. कोकणीत किंवा मराठीत बोललात तर कोणी अडवणार नाही.

रुग्णालयात काम करणारी

सभेला जरूर जा, परंतु रोज पिणाऱ्याने एकाएकी बंद करणे धोक्याचे ठरू शकते. हात थरथरणे, घाम, झोप उडणे हे तर होतेच. काहींना फिट येते आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. म्हणून आधी डॉक्टरांना भेटा. आपल्या गोव्यातच बांबोळीच्या मनोरुग्णालयात व्यसनमुक्तीचे उपचार मिळतात. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन असून ती निःशुल्क आहे. आठवडाभरात तुमचे तिन्ही प्रयत्न फसले ते केवळ मनाच्या दुबळेपणामुळे, असे मी तरी मानणार नाही.

एक पत्नी

माझे यजमान अजून पितात. मी मात्र अल-ॲनॉनच्या सभेला जाते, जी पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी वेगळी भरते. बाटल्या मोजणे आणि शाळेत वा कार्यालयात त्यांच्या वतीने खोटी कारणे कळवणे मी तिथे जाऊ लागल्यावर थांबवले. आपल्या पत्नीलाही हे सांगावे, अशी विनंती आहे. तुम्ही सोडण्याची वाट पाहत त्यांनी थांबून राहण्याची गरज नाही.

डिचोलीकर

सर्वांचे आभार. बांबोळीला दाखवले, औषधे सुरू झाली आणि काल बार्देशातील एका सभेला गेलो. दारापर्यंत जाऊन दोनदा मागे फिरलो, तिसऱ्या खेपेस एका वयस्कर गृहस्थांनी चहाचा पेला हातात दिला, मग परतणे जमले नाही. ओळखीचे आत कोणीच नव्हते. ओळखीचा भेटला तो परतीच्या बसमध्ये, आमचा शेजारीच! एवढ्या रात्री कुठून, असे त्याने विचारले तेव्हा दातांच्या डॉक्टरकडून, असे मी सांगून टाकले. आता पुढच्या मंगळवारी काय सांगू?

फोंड्याचा एक सदस्य

दातांचे काम बराच काळ चालते, तेव्हा काही महिने चिंता नाही. मंगळवारी मात्र थोडे आधी पोहोचा. खुर्च्या मांडायला माणसे नेहमी कमी पडतात.